गाजावाजा, रॅप आणि माळव्याचा तंबुरा

मार्च २०२३ मध्ये इंदूरच्या एका हॉटेलात एमसी स्टॅन या पुण्याच्या रॅपरचा कार्यक्रम होता. त्याच्या गाण्यांत शिवीगाळ असते असा आक्षेप घेत करणी सेनेचे कार्यकर्ते थेट मंचावर चढले आणि कार्यक्रम गुंडाळावा लागला. पुढचे काही दिवस त्या अर्धवट कार्यक्रमाच्या चित्रफिती फोनाफोनांतून फिरत राहिल्या, ट्विटरवर त्याच्या पाठिंब्याची मोहीम चालली. इंदूरहून देवास पस्तीस-चाळीस किलोमीटर, धार साठ-पासष्ट. या दोन्ही जुन्या पवार संस्थानांच्या गावांत ज्या घरांनी रॅप ही चीज नातवंडांच्या कानातल्या तारांपलीकडे कधी जाणली नव्हती, त्या घरांतही स्टॅनचं नाव पोचलं. विरोधकांनी त्याची जेवढी जाहिरात केली तेवढी आयोजकांच्या फलकांनीही केली नसेल.

या सगळ्या गाजावाजात गाणं मात्र कुठेच नव्हतं. तसं ते त्याआधीही नव्हतं. ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेल्या या मुलाचे ‘तडीपार’ (२०२०) आणि ‘इन्सान’ (२०२२) हे संग्रह रॅप ऐकणाऱ्या पोरांना पाठ होते. देशभर तो घराघरांत गेला तो १२ फेब्रुवारी २०२३ ला ‘बिग बॉस’चं सोळावं पर्व जिंकला तेव्हा. त्या घरात चार महिने तो मुख्यतः काय करत होता, तर कोपऱ्यात बसणं, कंटाळणं, घरी जायचं म्हणणं आणि पुणेरी वस्तीच्या बोलीत टोमणे मारणं. ‘शेमडी’ हा आपल्या अंगणातला शब्द त्याने उत्तर भारतातल्या पोरांच्या तोंडी बसवला. मतं मिळाली ती त्या माणसाला, आणि मत देणारे मग त्याच्या गाण्यांकडे वळले. आधी नाव, मग गाणं. पूर्वीचा क्रम उलटा होता असं आपण समजतो. पण तो खरंच तसा होता का?

लोकप्रियता कशी घडते यावर अमेरिकेतल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक संकेतस्थळ उभारलं आणि कुणीही नाव न ऐकलेल्या बँडांची ४८ गाणी त्यावर ठेवली. १४,३४१ जणांनी ती ऐकली, गुण दिले आणि आवडलेली उतरवून घेतली. काहींना फक्त गाण्यांची आणि बँडची नावं दिसत होती. बाकीच्यांना प्रत्येक गाण्यापुढे, हे आतापर्यंत किती जणांनी उतरवलं, तो आकडाही दिसत होता. या दुसऱ्या गटाची आठ वेगवेगळ्या ‘जगां’त विभागणी केली होती आणि एका जगातले आकडे दुसऱ्या जगाला दिसत नव्हते. आठही जगांची सुरुवात शून्यापासून, गाणी तीच.

निकाल असा लागला, की आकडे दिसू लागले तिथे वरची गाणी फार वर गेली आणि खालची फार खाली. पण कोणतं गाणं वर जाणार हे मात्र जगागणिक बदललं. ‘फिफ्टीटू मेट्रो’ या बँडचं ‘लॉकडाउन’ हे गाणं आकडे न पाहणाऱ्यांच्या पसंतीत सव्विसावं होतं, म्हणजे अगदी मधलं. आठांपैकी एका जगात ते पहिलं आलं आणि दुसऱ्या एका जगात चाळिसावं. सुरुवातीला आलेल्या काही जणांच्या मर्जीवर सगळं ठरलं. पुढचे आकड्यामागे गेले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा शिखरावर गेली नाहीत, पण या दोहोंच्या मधल्या गाण्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि जगातली बहुतेक गाणी मधलीच असतात.

साल्गानिक आणि वॉट्स यांनी दोन वर्षांनी आणखी एक खोडी काढली. काही ठिकाणी त्यांनी आकडे मुद्दाम उलटे केले: तळाचं गाणं पहिल्या क्रमांकावर दाखवलं, पहिलं तळाला. बरीचशी गाणी त्या खोट्या क्रमाला जागली. खोटा आकडा खरा होत गेला. सर्वांत चांगली होती ती मात्र हळूहळू वर आली. शिवाय एकंदर गाणी उतरवून घेण्याचं प्रमाणच घटलं. वरच्या क्रमांकाचं गाणं ऐकून निराश झालेला माणूस पुढचं ऐकायला थांबत नाही. प्रसिद्धी खात्यांतल्या लोकांनी हा शेवटचा भाग भिंतीवर लावून ठेवावा असा आहे.

रॅपचा इतिहास या प्रयोगाची उदाहरणं म्हणून वाचता येतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्कने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या, तो दिवस हिपहॉपचा जन्मदिवस मानतात. पुढची सहा वर्षं ही कला गल्ल्यांत, मैदानांत, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवर जगली. १९७९ मध्ये रॅपचं पहिलं मोठं गाजलेलं गाणं आलं, ‘रॅपर्स डिलाइट’. ते गाणारे तिघे या गल्ल्यांतले नव्हतेच. न्यू जर्सीच्या सिल्व्हिया रॉबिन्सन या निर्मातीने त्यांना घाईने गोळा केलं होतं. त्यातल्या बिग बँक हँकने गायलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या खऱ्या रॅपरच्या वहीतल्या होत्या. वही ज्याची त्याचं नाव तबकडीवर नव्हतं.

याच्या उलटही घडलं. अमेरिकेतला ‘बिलबोर्ड’चा खपाचा तक्ता १९९१ पर्यंत दुकानदारांच्या तोंडी सांगण्यावर बनत असे. दुकानदार फोनवर सांगे, अमुक चाललंय, तमुक चाललंय. मे १९९१ पासून बिलाच्या यंत्रातली खरी विक्री मोजायला सुरुवात झाली, आणि महिनाभरात एन.डब्ल्यू.ए. या, रेडिओने जवळजवळ वाळीत टाकलेल्या रॅप गटाचा संग्रह पहिल्या क्रमांकावर गेला. श्रोते रातोरात वाढले नव्हते. ते आधीपासून होते, दुकानदाराला सांगावेसे वाटत नव्हते इतकंच. गाजावाजाच्या चर्चेत आपण बहुधा फुगवलेल्या आकड्यांवर बोलतो. दडपलेले आकडे कुणाच्या लक्षात येत नाहीत.

आपल्याकडे दडपण्याचं काम एका मराठी माणसाने फार मन लावून केलं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं नभोवाणी मंत्री होते. सिनेमाची गाणी म्हणजे अभिरुचीचा ऱ्हास अशी त्यांची धारणा. आकाशवाणीवरून त्यांनी ती जवळजवळ हद्दपार केली आणि शास्त्रीय संगीताचे तास वाढवले. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. १९५२ च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी आठवड्याची गाणी पायऱ्यांवर चढवू-उतरवू लागले, त्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतले खप आणि श्रोता मंडळांची पत्रं पाहिली जात. म्हणजे गाण्यापुढे आकडा लिहायची सवय आपल्याला यूट्यूबने लावलेली नाही. केसकरांनी १९५७ मध्ये ‘विविध भारती’ला वाट करून दिली ती सिलोनपुढे हरल्यानंतरच. तरी माझ्या मते केसकरांवर एकतर्फी हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याच काळात, १९५५ मध्ये, इंदूरला मालवा हाउसमध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झालं आणि माळवी बोली पहिल्यांदा ध्वनिक्षेपकासमोर बसली. नंदाजी आणि भेराजी ही शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली जोडी माळव्यातल्या खेड्यांना सिनेमातल्या नटांइतकी ओळखीची झाली. आणि भजनी मंडळ्यांना रेडिओचा दरवाजा दिसला.

या मंडळ्यांविषयी थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण प्रादेशिक गाण्याचं आणि प्रसिद्धीचं नातं देवासइतकं उघड क्वचित कुठे दिसतं. देवास, उज्जैन, शाजापूर या पट्ट्यात गावोगाव कबीराची भजनं गाणाऱ्या मंडळ्या आहेत. गाणारे बहुतेक दलित समाजातले. शेतमजूर, लहान शेतकरी, शिक्षक. रात्री नऊ-दहाला बसायचं ते उजाडेपर्यंत. मुख्य गायकाच्या उजव्या हाताखाली पाच तारांचा तंबुरा, डाव्या हातात करताल, बाजूला मंजिरा आणि ढोलक. आधी साखी येते: तालाशिवाय, उंच आवाजात, सावकाश म्हटलेला दोहा. ती संपता संपता ढोलक शिरतो आणि भजन सुरू होतं. मध्येच गायक थांबतो, तंबुरा मांडीवर ठेवतो आणि विचारतो, समजलं का काय म्हटलं ते? मग जातीवर, मूर्तीवर, देहावर, भोंदू गुरूवर बोलतो. कुणी म्हातारा उलट प्रश्न टाकतो. वाद होतो. पुन्हा तार छेडली जाते. ऐकणारा आणि गाणारा यांच्यामध्ये ना तिकीट असतं ना आकडा. कोणता गायक मोठा हे ठरतं ते पुढच्या बैठकीला बारा गावांतून कुणाला बोलावणं येतं त्यावर.

पुण्या-मुंबईच्या मराठी श्रोत्याला हा कबीर भेटला तो मात्र कुमार गंधर्वांच्या गळ्यातून. त्यांच्या आयुष्यातही गाजावाजाचा एक अंक आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा मुलगा लहानपणी तबकड्यांवरची बड्या गवयांची गाणी हुबेहूब उतरवून दाखवायचा, लोक चमत्कार म्हणून बघायला यायचे. १९३६ मध्ये मुंबईत जिना हॉलमध्ये प्रा. बा. र. देवधरांनी भरवलेल्या परिषदेत बारा वर्षांचा कुमार गायला आणि मोठमोठ्या उस्तादांनी त्याच्यावर बक्षिसांची खैरात केली. पुढे क्षयाने गाठलं. १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी ते देवासला आले, पाचेक वर्षं गाणं बंद. त्या बंदीच्या काळात कानावर पडलं ते देवासच्या वाटेवरच्या जोग्यांचं, बाजाराला येणाऱ्या बायकांचं, शीलनाथांच्या धुनीवरचं गाणं. त्यातून निर्गुणी भजनं उभी राहिली. ती थोर आहेत यात वाद नाही. पण ज्या मंडळ्यांच्या परिसरात ती घडली त्यांतल्या एकाचंही नाव आपल्या श्रोत्याला पुढची तीस वर्षं ठाऊक नव्हतं. सभागृहाची, रेडिओच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आणि तबकडीची दारं कुमारांना उघडी होती. कुमार तिथे पोचले म्हणून त्यांचं मोठेपण कमी होत नाही, पण दाराचा आकार काय होता हे त्यातून कळतं.

ते दार दुसऱ्यांदा उघडलं ते कॅसेटमुळे. तबकडीच्या धंद्यावर एका कंपनीची मक्तेदारी होती. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि लहान गावातला दुकानदारही निर्माता होऊ शकला. महाराष्ट्रात याच लाटेवर शिंदे घराण्याची गाणी, भीमगीतं आणि आनंद शिंदे यांचं ‘पोपटा’चं गाणं एसटी स्टँडच्या टपऱ्यांवरून राज्यभर गेलं, वर्तमानपत्रांच्या कला पुरवण्यांची परवानगी न घेता. माळव्यात त्याच सुमाराला लुनियाखेडीचे शाळामास्तर प्रह्लादसिंह टिपानिया इंदूर केंद्रावर गाऊ लागले होते, त्यांच्या कॅसेटी निघाल्या आणि बसमध्ये, चहाच्या टपरीवर त्यांचा आवाज घुमायला लागला. १९९० नंतर ‘एकलव्य’ संस्थेने देवासला कबीर भजन आणि विचार मंच चालवला. मंडळ्या दर महिन्याला जमून रात्रभर गात आणि वाद घालत. मग बंगळूरहून शबनम विरमानी कॅमेरा घेऊन आल्या, २००८ मध्ये त्यांचे कबीरावरचे चार माहितीपट आले. त्यांतल्या ‘चलो हमारा देस’मध्ये टिपानिया आणि अमेरिकन अभ्यासक लिंडा हेस यांची मैत्री आहे. २०११ मध्ये टिपानियांना पद्मश्री मिळाली. मुंबईत त्यांना गुरू मानणाऱ्या नीरज आर्य यांच्या ‘कबीर कॅफे’ने गिटार-व्हायोलिन घेऊन माळवी चालीतली भजनं तरुणांच्या महोत्सवांत नेली. २०२४ मध्ये देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दचे कालूराम बामनिया आणि २०२५ मध्ये महूकडचे भेरूसिंह चौहान यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा वेळी बातम्यांत हमखास येणारं एक विशेषण आहे, ‘गुमनाम नायक’. ज्या माणसाला ऐकायला चाळीस गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं येतात तो गुमनाम कसा? ठाऊक नव्हता तो फक्त बातमी लिहिणाऱ्याला.

आता या मंडळ्यांपुढे तिसरं दार आहे, आणि ते सर्वांत अरुंद आहे. सत्संगात हल्ली तंबुऱ्यासमोर तिपाईवर फोन असतो, गाणं त्याच क्षणी यूट्यूबवर जातं. तिथवर ठीक. पण स्पॉटिफायसारख्या मंचावर गाणं ‘ऐकलं’ असं मोजलं जातं ते किमान तीस सेकंद ऐकल्यावर, आणि रीलमध्ये तर पहिल्या दोन-तीन सेकंदांत अंगठा थांबला नाही तर गाणं गेलं. साखीला मिनिटभर लागतं. म्हणून फिरणाऱ्या तुकड्यांत साखी नसते, मधला प्रश्न नसतो, वाद तर नसतोच. ढोलक शिरल्यानंतरची एक ठेक्याची ओळ तेवढी असते. शहरात वाढलेला पोरगा कबीर ऐकतो तो असा. रॅपच्या बाबतीतही हेच झालंय. जुन्या रॅपमध्ये सोळा-सोळा ओळींच्या फेऱ्यांतून एक गोष्ट रचत नेलेली असे. आता ध्रुवपद आधी येतं आणि गोष्टीला जागा उरत नाही. कवी आळशी झालेत असं म्हणणारे म्हणोत. मला यात मोजपट्टीचा हात जास्त दिसतो.

मोजपट्टीवरच बोट ठेवायचं तर जुलै २०१९ आठवावा. बादशाहचं ‘पागल’ हे गाणं चोवीस तासांत साडेसात कोटी वेळा पाहिलं गेल्याचं जाहीर झालं, कोरियाच्या बीटीएसचा विक्रम मोडल्याचा दावा झाला. यूट्यूबने तो विक्रम मिरवला नाही. गाणं जाहिरात म्हणून पैसे देऊन लोकांच्या पडद्यावर आणलेलं होतं, आणि तसं आणलेलं पाहणंही मोजलं जात होतं. हा प्रकार जगभर रूढ होता, नियमात बसतही होता. त्या सप्टेंबरात यूट्यूबने नियम बदलला: विक्रम आणि संगीताचे तक्ते यांसाठी जाहिरातीतून आलेलं पाहणं धरायचं नाही.

मराठी रॅपचं काय, हा प्रश्न इथे येतो. मुंबईच्या गल्ल्यांतलं रॅप देशाला कळलं ते १४ फेब्रुवारी २०१९ ला आलेल्या झोया अख्तरच्या ‘गली बॉय’मुळे. नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर चित्रित केलेलं ‘आफत’ आणि पुढच्या वर्षी डिव्हाइनसोबत केलेलं ‘मेरे गली में’ आधीच गाजलं होतं. सिनेमाने त्यांना वरच्या मजल्यावर नेलं. पण तो वरचा मजला हिंदी होता. सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात बऱ्याच भाषांचे रॅपर एकेक फेरी गाऊन जातात, त्यात अमरावतीचा सौरभ अभ्यंकर म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’ आहे. वऱ्हाडी पोरगं, आंबेडकरी भान, तोंडात धार. सिनेमा पाहिलेल्या किती जणांना त्याचं नाव सांगता येईल? त्याच गाण्यातला एमसी तोडफोड हा ‘स्वदेशी’ गटातला गुजराती रॅपर मार्च २०२२ मध्ये ऐन चोविशीत गेला, तेव्हा बातम्यांचे मथळे ‘गली बॉयचा रॅपर’ असेच होते. ‘स्वदेशी’ने वर्षानुवर्षं जे केलं, एमसी मवाली मराठीत जे गात आला, आरेच्या जंगलासाठी वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्यासोबत त्यांनी जे गाणं रचलं, ते सगळं एका सिनेमाच्या नावाखाली गेलं.

मराठीला स्वतःचा गाजावाजा करता येत नाही असं म्हणायला मात्र जागा नाही. २००८-०९ मधलं झी मराठीचं ‘लिटल चॅम्प्स’ आठवा. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही पाच पोरं घरच्यासारखी झाली होती. कार्तिकी गायकवाड जिंकली त्या रात्री देवासच्या मराठी वस्तीतही रस्त्यावर कुणी नव्हतं असं जुनी मंडळी सांगतात. वाहिनीचं बळ, ते एसएमएस, तो उत्कंठावर्धक निकाल, सगळं होतं. ते सगळं नाट्यगीत, अभंग, भावगीत यांच्या मागे उभं राहिलं. आपल्या वाहिन्यांनी वस्तीतल्या पोराच्या मागे तसं बळ कधी लावलं नाही. त्यामुळे मराठी रॅपची बातमी होते ती आडवाटेने. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेने पन्नास खोक्यांच्या राजकारणावर, कुणाचं नाव न घेता रॅप केला. अंबरनाथ पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला आणि दोन दिवसांत ते गाणं विरोधी पक्षनेत्यांपासून सगळ्यांच्या फोनमध्ये होतं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ लग्नांच्या वरातींत वाजलं. ते आलं होतं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून. एकाला पोलिसांनी मोठं केलं, एकाला डच कंपनीने.

अशा वेळी एक लेख दर वर्षी कुठे ना कुठे छापून येतो: रॅप म्हणजे आजची शाहिरी. मला हा लेख खटकतो. त्यात शाहिरीची प्रतिष्ठा उसनी देऊन रॅपला घरात घेतलं जातं. गाणं ऐकण्याची वेळच येत नाही. अमरावतीच्या विपिन तातडचं रॅप ऐकताना कुणाला वामनदादा आठवले तर जरूर आठवावेत, पण त्याच्या यमकांची पट्टी वेगळी आहे, ठेका वेगळा, राग वेगळ्या पिढीचा. त्याबद्दल कुणी दोन परिच्छेद लिहील तर ती खरी प्रसिद्धी.

गाजावाजा किती दूर नेतो याचा एक हिशेब देवासनेच केलाय. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेसने देवास या राखीव मतदारसंघातून टिपानियांना उभं केलं. पद्मश्री, माहितीपट, घरोघरी ओळखीचा आवाज. समोर भाजपचे महेंद्रसिंह सोलंकी, न्यायाधीशाची नोकरी सोडून आलेले, लोकांना तुलनेने अपरिचित. टिपानिया सभांत भजनं म्हणायचे, लोक मन लावून ऐकायचे. निकाल लागला तेव्हा पावणेचार लाखांच्या आसपास मतांनी हरले. ऐकणारे तेच होते. भजन ऐकताना ते श्रोते होते, मत देताना आणखी बरंच काही होते, आणि त्या वर्षीचा देशभरचा गाजावाजा दुसऱ्याच नावाचा होता.

धारची गोष्ट याहून वेगळी. राष्ट्रीय वाहिन्यांवर धार म्हणजे भोजशाळेचा वाद, एवढंच. जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक वस्ती भिल्ल-भिलाला आदिवासींची, आणि त्यांच्याकडे एक तुफान लोकप्रिय संगीत आहे ज्याच्यावर कुणी पुरवणी काढलेली नाही. टिमली. मूळ पारंपरिक नाच. आता त्याला ऑर्गन म्हणजे की-बोर्डचा तिखट सूर, यंत्रावरचा भरधाव ठेका आणि भिली-भिलालीतले शब्द. मुलं गावात मोबाइलवर चित्रित करतात, लहान स्टुडिओत ध्वनिमुद्रण होतं, मेमरी कार्डातून आणि यूट्यूबवरून ते डीजेच्या गाडीवर चढतं. त्यात मध्येमध्ये रॅपच्या धर्तीच्या बोलक्या ओळीही येऊ लागल्या आहेत: गावाची नावं, गायकाची ओळख, मजुरीला सुरतेला गेलेल्यांची हाक. चित्रवाणी, सिनेमा, बक्षिसांची स्पर्धा यांतलं काही मागे नसताना ही गाणी लाखोंनी पाहिली जातात.

होळीआधीच्या भगोरिया बाजारांना दरवर्षी वाहिन्यांच्या गाड्या येतात. पडद्यावर दिसतं ते ठरलेलं: मांदळ, बासरी, चांदीचे दागिने, रंगीत फेटे. त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोरं ज्या गाण्यावर बेभान नाचत असतात ते बातमीत ऐकू येत नाही, कारण ते पारंपरिक दिसत नाही आणि सिनेमातलंही नाही. मराठी वाचकाला ते ऐकायला धारपर्यंत यायला नको. होळीच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलात तर डीजेच्या गाडीवर हीच गाणी असतात. गायक झाबुआचा, ऑर्गनवाला दाहोदचा आणि नाचणारे महाराष्ट्राचे.